टोपीतली पानं

३ जून

वही मिळून बारा दिवस झाले. आज पहिलं अक्षर. रोज ठरवायचं, आज लिहू. मग बोटं गारठलेली, मग पेन गोठलेलं, मग शेजारच्या खोलीत टीव्हीवर कुस्ती लागलेली. कारणं काय, पोत्याने मिळतात!

वही नर्सबाईंनी दिली. "देल्फिना, वडील काय काय विसरतात ते रोज लिहून ठेव. मोघम सांगितलेलं डॉक्टर ऐकून घेत नाहीत." मी हो म्हटलं आणि वही गादीखाली सारली. शाळा सहावीत सुटली, त्यानंतर मी लिहिलं काय तर दुकानातल्या याद्या.

असो. लिहिते.

बाबा, म्हणजे फोर्तुनातो. वय त्रेपन्न. खाणीत सुरुंग लावतात. ओठ जांभळे, नखं जांभळी, डोळे कायम लाल. सकाळी डोकं इतकं ठणकतं की भिंतीला कपाळ टेकून उभे राहतात. काल मला म्हणाले, बर्फ वितळायला ठेव. मी ठेवला. मग त्यांनी स्वतःच दुसरं पातेलं चढवलं. मग विचारलं, "पाणी का नाही ठेवलंस?" दोन्ही पातेली समोर उकळत होती. मी हसले. तेही हसले. पाच मिनिटांनी परत तेच विचारलं. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

मी या डोंगरमाथ्यावरच्या गावात आले होते पंधरा दिवसांसाठी. एप्रिलमध्ये! त्याआधी कामानाला समुद्राकाठी कोळंबी सोलली, आरेकिपात बूट विकले, एका बँडबरोबर जत्रांमधून फिरले. गायले नाही, ढोल उचलले. कुठेच चार महिने टिकले नाही. इथून तर आठव्या दिवशीच पळाले असते. पण बाबांना असं सोडून जाववत नाही, आणि ते इथून हलायला तयार नाहीत.

ठरलं तर. जाईन तेव्हा त्यांना घेऊनच जाईन.

४ जून

डोकं दुखतंय. बाबांचं नाही, माझं.

६ जून

बाबा बार कसे मोजतात ते लिहायचं राहिलं. तेच तर मुख्य आहे.

खडकात भोकं पाडून झाली की बाकीचे बाहेर येतात. बाबा एकटे आत. दारू भरतात, वाती लावतात. जितक्या वाती, तितकी चघळायची कोकाची पानं त्या जुन्या तपकिरी टोपीत. मग पेटवायचं आणि बाहेर येऊन मोठ्याने आकडा सांगायचा. "अकरा!" मग टोपी मांडीवर घेऊन बसायचं. एक बार उडाला की एक पान तोंडात. टोपी रिकामी झाली म्हणजे सगळे उडाले, धूर बसला की माणसांनी आत जायचं. टोपीत एकही पान उरलं तर कुणी पाऊल टाकायचं नाही. कुठल्यातरी भोकात जिवंत बार बसलाय.

दुसऱ्या कुणी मोजायचं नाही. दोघांनी मोजलं तर डोंगराचा गोंधळ होतो म्हणे. डोंगर आमची आविचा, म्हातारी आई. बाईने बोगद्यात शिरायचं नाही हेही तिचंच. ती बाई, दुसरी बाई आत आलेली तिला खपत नाही. सवत वाटते. मग सोनं आत ओढून घेते. म्हणून आम्ही बायका बाहेर, टाकलेल्या दगडांच्या ढिगावर. चमक दिसली तर पदरात, नाहीतर हातोडीखाली.

मी ढिगावर बसून मोजते. मनातल्या मनात. कान उघडे असतात, काय करणार?

९ जून, रविवार

मॅच! खालून हुलियाकाची पोरं आलेली. वीस मिनिटांत त्यांचा गोलकीपर गोलाच्या खांबाला धरून ओकला. सगळं गाव हसून हसून लोळलं. मुकादम देमेत्रियो तर शिट्टीच वाजवायला लागले. "अरे याला कुणीतरी उचला, उंची लागली बाळाला!"

मीही हसले. हसता हसता बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आपण कुठल्या बाजूचे गं?"

वीस वर्षं ते याच संघाचे कपडे शिवून देत आलेत.

१० जून

नर्सबाईंकडे गेले. बाई समुद्राकडच्या, स्वतः दोन स्वेटर घालून धापा टाकतात. म्हणाल्या, इथे हवा अर्धी. शरीर म्हणतं, हवा कमी ना, मग रक्त वाढवू. वाढवत वाढवत रक्त इतकं दाट होतं की मेंदूतल्या बारीक नळ्यांमधून नीट सरकतच नाही. मग आकडे निसटतात, नावं निसटतात. "आणि सगळ्यात वाईट काय माहितेय का? ज्याचं निसटतं त्याला पत्ता नसतो. जे डोकं बिघडलंय त्याच डोक्याने तो तपासणार ना!"

औषध?

"खाली. दुसरं औषध नाही."

येताना मुकादमाच्या दारात थांबले. देमेत्रियो आणि बाबा एकाच गावचे, एकाच कळपामागे धावून वाढलेले. त्यांना सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. "फोर्तुला उंची लागली? अगं पोरी, तो लामाच्या पाठीवर जन्मलाय! उंची लागते त्या खालच्या पावडर लावलेल्यांना. त्या नर्सला सांग, आधी स्वतःची धाप सांभाळ."

इथे सगळे असंच म्हणतात. डोकं दुखलं? काल प्यायला असशील. विसरलास? म्हातारा झालास. ओठ जांभळे? थंडी आहे. इथे जन्मलेल्याला उंची लागत नाही. विषय संपला.

बाबाही तेच म्हणाले. वर आणखी, "महिन्याचा शेवटचा दिवस होऊ दे." महिनाभर बिनपगारी राबायचं आणि शेवटच्या दिवशी खांद्यावर मावेल तेवढा दगड आपला. ही इथली रीत. असा शेवटचा दिवस दर महिन्याला येतो आणि माणूस दर महिन्याला राहतो.

१२ जून

आज दहाच उडाले.

बाबांनी "अकरा" सांगितलं होतं. मी ढिगावर होते, पायाखालच्या दगडांतून कळतं. दहा. मग गप्प. आणि टोपी रिकामी!

शेजारी सेबिया काकी. त्या तीस वर्षं या ढिगावर दगड वेचताहेत. त्यांना म्हटलं, "काकी, एक राहिला." त्यांनी मातीच्या हाताने माझं तोंडच दाबलं. "मोजतेस? मेले, तुला कुणी सांगितलं मोजायला!"

पळत मुकादमाकडे. "दोन एकदम उडाले असतील. होतं तसं." आणि धूर बसल्यावर माणसं आत गेली. मी तोंडात मूठ घालून उभी.

अर्ध्या तासाने एक जण धावत बाहेर आला. डावीकडच्या भोकात न जळलेली वात. त्याची पहार तिथून वीतभर.

कुणाला काही झालं नाही. वात ओली होती, असं ठरलं. आविचाला दारू पाजली, चरबी जाळली. बाबा एका कडेला उभे होते, रिकामी टोपी उलटी धरून.

ते दिवसभर पान चघळतात. पान हातात आलं की हात तोंडाकडे जातो. बार उडो न उडो. एवढीच गोष्ट आहे. कुणाला सांगू?

१४ जून

नर्सबाईंची परीक्षा. पाच शब्द सांगायचे, मग इकडचं तिकडचं बोलायचं, मग परत विचारायचे. लामा, चमचा, बर्फ, टोपी, रविवार.

बाबांना दोन आठवले.

मला चार. हे बाईंना सांगितलं नाही.

१५ जून

नर्सबाईंनी बाबांचं रक्त काढलं, एक बाटली. काळंच दिसत होतं, काकवीसारखं. म्हणाल्या, दोन-चार दिवस बरं वाटेल, पण ही मलमपट्टी.

१६ जून

चमत्कार! बाबा सकाळी उठले ते शीळ घालत. सूप केलं, वाळवलेले बटाटे टाकून. मी बँडबरोबर पळाले होते त्या दिवसाचा सदराही आठवला, हिरवा. म्हणाले, "तू म्हणतेस ते खरं असेल. पान आधीच तोंडात जातं माझं. या महिन्याचा शेवटचा दिवस झाला की उतरू."

मी लगेच वही पुढे केली. लिहा! त्यांनी लिहिलं, सही केली. ही वर आहे. वाकडीतिकडी, पण सही.

१९ जून

बाबांना वही दाखवली. बराच वेळ पाहत राहिले.

"सही माझीच आहे," म्हणाले. "पण हे मी बोललो नाही."

२० जून

सेबिया काकी बार कसे मोजले जातात ते सांगत होत्या. टोपीत पानं टाकायची आणि... हे मी आधी लिहिलंय का? मागची पानं उलटली. लिहिलंय. सहा तारखेला. शब्दसुद्धा तेच.

म्हणजे माझ्याकडेही वेळ कमीच आहे.

२१ जून

आज काय केलं: एक, पुन्हा मुकादमाकडे. "बाबांना बारांवरून काढा, दुसरं काहीही द्या." ते म्हणाले, "पोरी, तुझा बाप गेली अठरा वर्षं माझी माणसं जिवंत ठेवतोय. आणि तू आलीस एप्रिलमध्ये." दोन, नर्सबाईंची चिठ्ठी नेली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, परत दिली. "बाई खालच्या आहेत." तीन, बाबांची बॅग भरली. चार, बाबांनी ती रिकामी केली, कारण ती का भरलीय ते त्यांना कळेना.

पाच: बॅग परत भरली. माझ्या उशाखाली ठेवलीय. बघू कोण थकतं.

२४ जून

क्रमाने लिहिते.

बाबा बाहेर आले. "बारा!" टोपी मांडीवर. मी डोळे मिटले. नऊ. दहा. अकरा.

थांबले. श्वास धरून थांबले. बारावा नाही. डोळे उघडले तर टोपी रिकामी, आणि बाबा चघळताहेत.

धूर बसला. नऊ जण हेल्मेट चढवून उभे राहिले. मी ओरडले, "एक राहिलाय!" कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. देमेत्रियो म्हणाले, "हिला कुणीतरी घरी न्या रे."

त्यांना ऐकायचं नव्हतं. मग त्यांना थांबवेल असं दुसरं काय आहे? हे डोक्यात आलं आणि पाय आपोआपच निघाले. ढिगावरून घसरत खाली, त्या नऊ जणांच्या मधून, आणि सरळ बोगद्यात.

मागे सेबिया काकींची किंकाळी. "आत शिरली! बाई आत शिरली!"

पंधरा-वीस पावलं गेले असेन. धुराने डोळे झोंबत होते. पायाखाली बर्फ. भिंतीला हात लावला तर भिंत ओली आणि, खोटं नाही सांगत, कोमट. मनात म्हटलं, आविचा, मी सोनं मागायला आले नाही. माझ्या बापाला सोड.

बाहेर आले तेव्हा सगळे हातातली हत्यारं खाली टाकून उभे. बोगदा बाटला. आता शांत केल्याशिवाय कुणी आत जाणार नाही. तीन दिवस तरी.

तेच हवं होतं मला!

देमेत्रियोंचा चेहरा काळानिळा. "चालती हो. आणि हा तुझा बापही यापुढे इथे दिसता कामा नये." बाबांच्या हातातून टोपी ओढून घेतली. "ही इथेच राहील. मोजायला मी आहे."

बाबा बोडक्या डोक्याने उभे होते. बर्फ पडायला लागला होता, त्यांच्या केसांत साठत होता.

बॅग भरलेलीच होती.

२५ जून

बसमध्ये. हुलियाकाला भाजलेला मका घेतला, तो बाबा नुसता हातात धरून बसलेत.

आरेकिपापर्यंत चार वेळा विचारलं, "कुठे चाललोय?" चारही वेळा सांगितलं. राग न करता सांगितलं. हे लिहून ठेवते, कारण मला राग येत होता.

२७ जून, कामाना

मी पूर्वी कोळंबी सोलायची त्या बाईंनी मागची खोली दिली. बाबा चौदा तास झोपले. मध्ये मी दोनदा उठून त्यांच्या नाकाशी आरसा धरून पाहिलं.

समुद्राचा वास! वर कशालाच वास नसतो, थंडीत सगळं मरतं.

१ जुलै

सेबिया काकींचा फोन. "पोरी, बारावी वात सापडली. गुडघ्याएवढ्या उंचीवर, खालच्या भोकात. पाय ठेवायचीच जागा होती ती."

मला स्वतःचाच भरवसा नव्हता. पाचातले चार आठवणारं डोकं माझं. अकरा मोजले की बारा, रोज रात्री मोजत होते परत परत.

"मग आता काय म्हणतात माझ्याबद्दल?"

"म्हणणार काय! सोन्याच्या शिरेची धार बारीक झाली म्हणतात. तुझ्यामुळे. सोनं ओढून घेतलं म्हातारीने." मग म्हणाल्या, "नऊ जणांच्या बायका मात्र काही म्हणत नाहीत."

माझा इथला पत्ता लिहून घेतला त्यांनी. काहीतरी पाठवणार आहेत, बहुतेक सुकवलेलं मांस. नको म्हटलं तरी पाठवतील.

५ जुलै

बाबांचे ओठ! जांभळा रंग उतरतोय. आज ते स्वतः बाजारात गेले आणि स्वतः परत आले. मासा मात्र आम्हा दोघांसाठी चौघांना पुरेल एवढा आणला.

८ जुलै

पाच शब्द विचारले. बाबांनी डोळेही न उघडता सांगितले. लामा, चमचा, बर्फ, टोपी, रविवार. पाचही!

मी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, "टाळ्या वाजवू नकोस. सगळं आठवतंय मला आता. तू आत शिरलीस तेही. चाळीस माणसांसमोर माझी टोपी गेली तेही."

आणि उठून समुद्राकडे गेले. जेवायला आले नाहीत.

हे माझ्या हिशेबात धरलंच नव्हतं. त्यांचं डोकं परत आणायचं होतं, ते आणलं. त्यात हेही असणारच की.

हरकत नाही. रागावलेला बाप चालेल.

११ जुलै

संध्याकाळी वाळूवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्या हातात चिंचोक्याएवढे खडे. लाट फुटली की एक खडा उजव्या हातातून डाव्या हातात. मीही मनात मोजत होते. वीस झाले, तीस झाले. एकही चुकला नाही.

मग खडे टाकून दिले आणि समुद्राकडे बघतच म्हणाले, "बारा तारखेला, त्या ओल्या वातीच्या दिवशी. पान तोंडात गेल्यावर मला कळलं होतं की बार झालेला नाही. मी थुंकणार होतो. पण सगळे बघत होते. मग वाटलं, झाला असेल. आणि मग खरंच वाटायला लागलं की झाला."

मी त्यांचा हात धरला. नख चक्क गुलाबी!

थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "देमेत्रियो मोजतोय ते बरंय. त्याचं डोकं पक्कं. लहानपणी अख्खा कळप एका नजरेत मोजायचा."

१३ जुलै

नर्सबाईंना पत्र लिहिणार होते. मग बंदरावर एक माणूस पेलिकनला मासे भरवत होता, तिथे दोन तास गेले. उद्या नक्की. वही तशी भरतच आली आहे, वहीच पाठवते.

१४ जुलै, रविवार

दारात मुकादम देमेत्रियो! एवढ्या उन्हात हेल्मेट, जाड जाकीट, ओठ जांभळे. म्हणतात सेबियाने पत्ता दिला, काल दुपारी बार उडवून तसाच बसमध्ये बसलो. माझ्याकडे बघून तोंडभर हसले. "पोरी, तू केव्हा आलीस? आणि हा फोर्तु कामावर का येत नाही? रागावलाय का माझ्यावर?"

काखेत बाबांची टोपी. बाबांनी हळूच घेतली, उलटी केली.

आत तीन पानं.

आज सुट्टी, उद्या सकाळी सातला माणसं आत जातील. काकींना फोन लावलाय. वाजतोय. एकच सांगायचंय. काकी, सगळ्या जणींना घे आणि आत शीर.